उलाढाल आहे, पण गिऱ्हाईक आहे का?

"रोज कोट्यवधींची उलाढाल होते या शेअरमध्ये, हवं तेव्हा विकून मोकळं होता येईल." शेअर बाजारावर गप्पा सुरू झाल्या की हे वाक्य कुणीतरी म्हणतंच. हल्ली त्याला एक पुरवणीही जोडली जाते: अल्गोमुळे, म्हणजे आपोआप सौदे करणाऱ्या संगणकी प्रोग्राममुळे, सौदे मायक्रोसेकंदांत होतात, म्हणजे तरलतेचा प्रश्नच मिटला. हे ऐकून कान किटले आहेत. दोन्ही विधानं चुकीची आहेत आणि त्यांच्या भरवशावर लोक घामाचे पैसे लावतात, म्हणून राग येतो.

भाव फारसा न हलवता मोठा माल झटपट विकता येणं म्हणजे तरलता. उलाढालीतून फक्त झालेल्या सौद्यांची बेरीज कळते. बाजार समितीत कांद्याची एकच गोणी दहा व्यापाऱ्यांनी दिवसभर एकमेकांना विकली तर पावत्यांचा ढीग लागेल. तुमच्या ट्रॉलीभर कांद्याला मात्र गिऱ्हाईक मिळालेलं नसेल.

नेमकं हेच 6 मे 2010 रोजी अमेरिकेत घडलं. एका मोठ्या फंडाने एस अँड पी 500 निर्देशांकाचे 75 हजार ई-मिनी वायदे विकायला काढले. किंमत होती सुमारे 4.1 अब्ज डॉलर. विक्रीच्या प्रोग्रामला आज्ञा एकच: मागच्या मिनिटात जितकी उलाढाल झाली, तिच्या 9 टक्के विकत राहा. भाव बघू नको, वेळ बघू नको. थोडक्यात, उलाढाल म्हणजेच तरलता हा गैरसमज त्या प्रोग्राममध्येच लिहिलेला होता.

पुढचा तपशील एसईसी आणि सीएफटीसी या अमेरिकी नियामकांच्या संयुक्त अहवालात आहे. वेगवान संगणकी व्यापाऱ्यांनी सुरुवातीला माल घेतला आणि मग तो आपसांतच फिरवायला लागले. दुपारी 2:45:13 ते 2:45:27 या 14 सेकंदांत त्यांनी 27 हजारांहून अधिक वायद्यांचे सौदे केले, म्हणजे त्या वेळच्या एकूण उलाढालीच्या जवळपास निम्मे. निव्वळ खरेदी किती? सुमारे 200 वायदे! उलाढाल फुगताना पाहून प्रोग्राम आणखी जोरात विकत सुटला. तिकडे ई-मिनीतल्या खरेदीच्या ऑर्डर्स सकाळच्या तुलनेत 1 टक्क्याहूनही कमी उरल्या होत्या. डाऊ जोन्स काही मिनिटांत दिवसभरातल्या जवळपास एक हजार अंकांच्या घसरणीपर्यंत गेला आणि काही चांगल्या कंपन्यांचे शेअर एका सेंटला विकले गेले.

ई-मिनीतली घसरण थांबली कशाने? वाढीव वेगाने नव्हे. शिकागोच्या वायदे बाजाराच्या यंत्रणेने ई-मिनीचे सौदे पाच सेकंद रोखले. तेवढ्या उसंतीत विक्रीचा दबाव ओसरला, खरेदीदार परतले आणि भाव सावरू लागले. नियम कसे आखले आहेत यावर तरलता किती अवलंबून असते, हे त्या पाच सेकंदांत दिसलं.

"ते अमेरिकेत, आपल्याकडे नाही" असं म्हणणाऱ्यांनी 5 ऑक्टोबर 2012 आठवावा. एनएसईवर एका दलाली पेढीकडून साडेसहाशे कोटींहून अधिक रकमेच्या चुकीच्या ऑर्डर्स गेल्या आणि निफ्टी क्षणार्धात सुमारे 15 टक्के कोसळला. आणि निफ्टीतले शेअर तर देशात सर्वाधिक उलाढाल होणाऱ्या शेअर्सपैकी!

आता बाकीचे गैरसमज. "अल्गो म्हणजे निव्वळ लूट" हेही खरं नाही. न्यूयॉर्क शेअर बाजाराच्या आकडेवारीवर हेंडरशॉट, जोन्स आणि मेंकवेल्ड यांनी 2011 मध्ये दाखवलं की अल्गोमुळे, विशेषतः मोठ्या कंपन्यांच्या शेअर्समध्ये, खरेदी-विक्रीच्या भावांतलं अंतर कमी झालं. "वेग जितका जास्त तितकं सगळ्यांचं भलं" हे दुसरं टोक. लंडन शेअर बाजारावरच्या अभ्यासात आढळलं की सौदा आधी कोण गाठतो यासाठीच्या 5 ते 10 मायक्रोसेकंदांच्या शर्यतींत सुमारे एक पंचमांश उलाढाल होते आणि त्या बंद झाल्या तर तरलतेसाठी मोजावी लागणारी किंमत 17 टक्क्यांनी घटेल. "दीर्घकाळ धरून बसणाऱ्याला तरलतेशी काय देणंघेणं?" आहे ना: विकायला अवघड शेअरवर गुंतवणूकदार जास्त परतावा मागतात, म्हणून त्याचा भावच कमी राहतो. अमिहुद आणि मेंडेलसन यांनी हे 1986 मध्येच मांडलं. आणि "स्टॉप लॉस लावलाय, मी सुरक्षित" म्हणणाऱ्यांसाठी: स्टॉप लॉस मार्केट ऑर्डर ठरलेल्या भावाला फक्त जागी होते, विक्री समोर जो भाव असेल त्याला होते.

तेव्हा मोठी ऑर्डर टाकण्याआधी उलाढालीच्या आकड्यावर विसंबू नका. ॲपमधली मार्केट डेप्थ उघडा, कोणत्या भावाला किती शेअर्सची मागणी उभी आहे ते बघा आणि लिमिट ऑर्डरच टाका.