दुकानाचा संगणक मोठ्या डिस्कवर नेताना

धुळ्याचा यंत्रमाग कारखाना असो की जळगावच्या फुले मार्केटमधील कापड दुकान, बहुतेकांचा हिशेब आता संगणकावर आहे. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला आणि बिले, विवरणपत्रे, उधारी सारे तिथे गेले. त्या काळात बसवलेली १२० किंवा २४० जीबीची एसएसडी भरत आली की यंत्र रेंगाळते, अपडेट अडते. मग मोठी डिस्क घ्यावी लागते.

विंडोज नव्याने टाकण्याची गरज नसते. जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल नव्या डिस्कवर उतरवता येते. याला क्लोन म्हणतात. पण व्यापारी बंधूंनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. डिस्क बाजारात पुन्हा मिळते, हिशेब मिळत नाही. जीएसटीची खाती वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपणे कायद्याने बंधनकारक आहे.

म्हणून पहिले काम बॅकअपचे. हिशेबाच्या डेटाची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्या आणि त्या दिवसाची तेरीज कागदावर छापून ठेवा. बिटलॉकरचे कुलूप चालू असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून घ्या. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचे लायसन्स यंत्राशी बांधलेले असू शकते, ते विक्रेत्याला आधीच विचारा.

खरेदीपूर्वी यंत्रात साटा केबलची डिस्क बसते की एम.टू पट्टी, हे पाहून घ्या. २५६ जीबीची डिस्क विंडोजमध्ये सुमारे २३८ दिसते. ही फसवणूक नव्हे, मोजमापाचा फरक आहे. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने.

क्लोन दुकान बंद झाल्यावर, यूपीएस लावूनच करावा. मध्येच वीज गेली तर नक्कल अर्धवट राहते. फक्त सी ड्राइव्ह नव्हे, पूर्ण डिस्क उतरवावी. संगणक सुरू करणारा छोटा भाग वेगळा असतो.

नंतर पुष्कळांना कोडे पडते की डिस्क मोठी आली, पण सी ड्राइव्ह तेवढाच कसा? शेजारचा गाळा घेतला, पण मध्ये दुसऱ्याची खोली असली तर भिंत पाडून दुकान वाढवता येत नाही. तसेच इथे होते. सी ड्राइव्ह आणि मोकळी जागा यांच्यामध्ये रिकव्हरीचा छोटा भाग असतो. पार्टिशनच्या सॉफ्टवेअरने तो शेवटी सरकवला की सी ड्राइव्ह वाढतो.

पहिल्यांदा संगणक सुरू करताना जुनी डिस्क काढून ठेवावी. नंतर तेरीज पुन्हा काढून छापील कागदाशी ताडून पाहावी. आकडे जुळले, एक बिल छापले गेले, जीएसटीचे काम उघडले, तरच मेकॅनिकचे पैसे चुकते करावेत.

जुनी डिस्क लगेच पुसू नये. दोन-तीन महिने सांभाळावी. मात्र तिला कायमचा बॅकअप समजू नये. विजेविना वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या एसएसडीतील डेटा पुसट होऊ शकतो.