प्युरिटन श्रद्धा आणि मिरजेची मिशनवसाहत

मिरज म्हटले की ख्वाजा शमना मीरा यांचा दर्गा, तंतुवाद्यांचे कारागीर आणि अब्दुल करीम खाँ यांचे वास्तव्य आठवते. याच गावी मिशन रुग्णालयाभोवती वाढलेली ख्रिस्ती वसाहत मात्र मराठीच्या अभ्यासकाला आपल्या विषयाबाहेरची वाटते. वस्तुतः तिच्यामागील धर्मश्रद्धा आणि एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्याच्या एका प्रवाहाला वळण देणारी श्रद्धा या एकाच कुळातील आहेत.

या कुळाचा एक ठळक आविष्कार १६३० पासून मॅसॅच्युसेट्समध्ये झालेल्या प्युरिटनांच्या वसाहतीत दिसतो. मनुष्य स्वभावतः पापी असून त्याचा उद्धार केवळ ईश्वरी कृपेने होतो, हा कॅल्व्हिनचा सिद्धान्त त्यांनी स्वीकारला होता. कृपेची खूण अंतःकरणात शोधायची म्हणून आत्मपरीक्षण आले; ईश्वराचे वचन स्वतः वाचायचे म्हणून साक्षरता आली; नित्याचा व्यवसाय हेच ईश्वराने नेमलेले कार्य मानल्यामुळे श्रमाला धार्मिक प्रतिष्ठा मिळाली. ५० कुटुंबांच्या गावाने शिक्षक नेमावा, असा कायदा तेथे १६४७ मध्ये झाला. परंतु १६३१ पासून मताधिकारही चर्चच्या सभासदांपुरता राहिला. श्रद्धेच्या हाती दंडसत्ता आली आणि रॉजर विल्यम्स, ॲन हचिन्सन यांच्यासारख्या मतभिन्नता दाखविणाऱ्यांना हद्दपारी भोगावी लागली.

याच परंपरेतील काँग्रिगेशनल पंथीयांच्या पुढाकाराने १८१० मध्ये अमेरिकन बोर्ड स्थापन झाले. त्याचे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे धर्मोपदेशक १८१३ मध्ये मुंबईस उतरले. पुढे अहमदनगर हे अमेरिकन मराठी मिशनचे प्रमुख केंद्र झाले व १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ निघू लागला. त्याच्या आदल्याच वर्षी, १८४१ मध्ये, प्युरिटन लेखक जॉन बन्यन यांच्या रूपककथेचे हरि केशवजींनी केलेले भाषांतर ‘यात्रिकक्रमण’ या नावाने मराठीत आले होते. बाबा पदमनजी यांचे ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र या मिशनचे अपत्य नव्हे. तथापि संशय, पश्चात्ताप आणि परिवर्तन या क्रमाने आपल्या मनाचा इतिहास सांगण्याची त्याची रीत प्रॉटेस्टंट आत्मनिवेदनाशी नाते सांगते.

मिरजेचे मिशन प्रेस्बिटेरियन होते. चर्चच्या कारभाराबाबत हा पंथ काँग्रिगेशनल पंथाहून वेगळा असला, तरी कॅल्व्हिनप्रणीत सिद्धान्ताची बैठक दोघांचीही होती. डॉ. विल्यम वॉन्लेस १८८९ मध्ये या भागात आले. मिरजेतील रुग्णालय १८९४ मध्ये सुरू झाले. त्यास वैद्यकीय शिक्षणाची व कुष्ठरुग्णांच्या उपचारांची जोड मिळाली. पुढे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधामही उभे राहिले, आणि वॉन्लेसवाडी हे नाव गावाच्या भूगोलात रुजले.

येथे भेद लक्षात घेणे अगत्याचे आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये श्रद्धेने राज्य चालविले. मिरजेत ती पटवर्धन संस्थानिकांच्या राज्यात, बहुसंख्य परधर्मीयांमध्ये वावरत होती. तिला कायदा करता येत नव्हता. त्यामुळे व्यवसाय हीच उपासना, हा तिचा सिद्धान्त शस्त्रक्रियागृहात आणि रुग्णाच्या खाटेपाशी सिद्ध करावा लागला. दंडसत्ता नसल्यामुळेच या श्रद्धेचे सेवारूप येथे ठळक झाले, असे म्हणता येईल. अर्थात धर्मप्रसाराचा हेतू मिशनने कधी लपविला नव्हता, आणि मिशनच्या चौकटीचा काच एतद्देशीय ख्रिस्ती मंडळींना जाणवत नव्हता असेही नाही. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंग-भजनाची वाट धरली आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापिला, यामागे हीच अस्वस्थता होती.

मिशनवाङ्मय हे केवळ प्रचारवाङ्मय म्हणून बाजूस सारले, तर मराठी आत्मचरित्राचा एक उगम आपल्या दृष्टीआड होतो. केवळ सेवेचा गौरव केला, तर टिळकांचा विद्रोह अनाकलनीय ठरतो. श्रद्धा आणि सत्ता यांचे नाते प्रत्येक ठिकाणी तपासूनच या वाङ्मयाचे मूल्यमापन करणे इष्ट होय.