दिवा वाटेत विझू नये म्हणून

रात्री सायकलने चोर्ला घाट उतरताना दिवा विझला, तर वळण दिसत नाही आणि समोरच्या वाहनाला आपणही दिसत नाही. म्हणून हिशेब निघण्यापूर्वीच करावा. बॅटरीवरील मिलिअँपिअर-तासांना १००० ने भागून व्होल्टने गुणले, की वॅट-तास मिळतात. ३००० मिलिअँपिअर-तास व ३.७ व्होल्टची बॅटरी म्हणजे सुमारे ११ वॅट-तास. त्यातील पाचवा हिस्सा गळती आणि जुनेपणापोटी वजा धरल्यास उरतात जेमतेम ९. प्रखर झोतावर ४.५ वॅट घेणारा दिवा त्यावर दोन तास चालेल. वेष्टनावर छापलेले तास बहुधा मंद झोताचे असतात. चढावर वेग कमी असतो, तेथे मंद झोत पुरतो. प्रखर झोत उतारासाठी राखावा. हिशेबाची खातरजमा मात्र घरीच, घड्याळ लावून करावी.