मदतीच्या वाटेचा अभ्यास

भूकंप, पूर वा दुष्काळ ओढवला की मदत किती जमली याचे आकडे प्रसिद्ध होतात. ती कोणत्या वाटेने, किती दिवसांनी आणि कोणाच्या हाती पडली, याचा हिशेब क्वचितच मांडला जातो. मदतसामग्रीच्या वाहतुकीचे व वितरणाचे संशोधन करणारी ज्ञानशाखा अलीकडची. तिची वाढ बव्हंशी एकेका आपत्तीच्या सखोल अभ्यासातून, म्हणजे ‘केस स्टडी’तून झाली. संख्याशास्त्राच्या उपासकांना ही पद्धत दुय्यम वाटते. एका उदाहरणावरून काय सिद्ध होणार, हा त्यांचा ठरलेला प्रश्न.

त्याचे उत्तर आपल्याच १९७०-७३ च्या दुष्काळात आहे. ज्याँ द्रेझ यांनी त्याचा बारकाईने अभ्यास केला. दुष्काळी भागात धान्य नेऊन वाटणे म्हणजे मदत, अशी रूढ समजूत. येथे मुख्य भर होता तो रोजगारावर. मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाख मजूर रस्ते, तलाव, बांधबंदिस्ती यांच्या कामांवर होते. मजुरी हाती आल्याने गावोगाव धान्याला मागणी निर्माण झाली आणि परप्रांतांतून धान्य आणण्यावर निर्बंध असतानाही व्यापाऱ्यांचा माल तिकडे वळला. (त्यातील काही चोरट्या मार्गाने आला, हेही नमूद केले पाहिजे.) धान्यवाहतुकीचा प्रश्न असा अंशतः मजुरीने सोडवला. राज्याच्या एकूण धान्यसाठ्याचे तक्ते कितीही न्याहाळले, तरी ही कार्यकारणाची साखळी त्यांत सापडत नाही. रॉबर्ट यिन यांनी १९८४ च्या आपल्या ग्रंथात हाच भेद स्पष्ट केला: असे उदाहरण हा लोकसंख्येचा नमुना नव्हे, त्याच्या आधारे सिद्धांत पारखायचा असतो.

मात्र या पद्धतीचे वकीलपत्र घेताना तिचे दुबळेपणही झाकू नये. कच्छच्या २६ जानेवारी २००१ च्या भूकंपावर फ्रान्समधील इन्सिआद या व्यवस्थापन-संस्थेने २००२ मध्ये एक अभ्यास सिद्ध केला. रेडक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने मदतीची जुळणी कशी केली, हा त्याचा विषय. अभ्यास उपयुक्त आहे. परंतु असे लेखन स्वभावतःच पाठवणाऱ्याच्या बाजूचे असते. संस्था आपले दप्तर खुले करते ते बहुधा यशाचे. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले. ते कोणी, कशासाठी पाठवले आणि उचलण्यात किती हात गुंतले, याचा अभ्यास दहा यशोगाथांहून अधिक शिकवील.

त्यासाठी साधने लागतात, आणि खरी अडचण तेथेच आहे. मदतीच्या मालमोटारींची चलने, गोदामांच्या आवक-जावक वह्या, तलाठ्याकडील वाटपयाद्या ही कार्यालयांच्या लेखी अल्प मुदतीची कागदपत्रे; मुदत सरली की ती नष्ट करण्यास मोकळीक असते. किल्लारीच्या ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाला आता तीन दशके उलटली. लातूर व धाराशिव जिल्ह्यांत अशा ज्या वह्या उरल्या असतील, त्या विद्यापीठांनी ताब्यात घ्याव्यात आणि वाटपाच्या रांगेत उभे राहिलेल्यांच्या जबान्याही त्यांच्याशी ताडून पाहाव्यात. त्या दिवसांचे साक्षीदार अद्याप हयात आहेत.