पान आपलीच प्रथिने का मोडते

हरितलवक म्हणजे पानाच्या पेशीतले हिरवे कण. ऊन, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड यांपासून साखर तयार होते ती यांच्यात. प्रत्येक हरितलवकात हजारो प्रकारची प्रथिने राबत असतात. त्यांतली काही उन्हाने बिघडतात, काहींची घडीच नीट बसत नाही, काहींचे काम संपते. अशी प्रथिने तोडून त्यांतली अमिनो आम्ले मोकळी करणाऱ्या विकरांना प्रोटिएज म्हणतात. शेतीच्या दृष्टीने प्रथिने घडवणाऱ्या यंत्रणेइतकेच या तोडणाऱ्या विकरांचे मोल आहे, पण त्यांचे नाव मात्र क्वचितच कानावर येते.

सर्वांत लवकर खराब होते ते डी-१ नावाचे प्रथिन. पाण्याचे विघटन करून ऑक्सिजन सोडणाऱ्या प्रकाशप्रणाली-२ च्या अगदी गाभ्यात ते बसलेले असते. गगनबावड्यासारख्या अतिपावसाच्या तालुक्यात जून-जुलैमध्ये ढगांमुळे पानावर प्रकाश कमी पडतो, त्यामुळे ही मोडतोडही कमी होते. पावसाने उघडीप दिली आणि भातावर कडक ऊन पडले की ती झपाट्याने वाढते. प्रखर प्रकाशात पानातले निम्मे डी-१ तासाभरातच बदलले जाऊ शकते. प्रणालीतली बाकीची वीसहून अधिक प्रथिने बहुतांशी तशीच वापरली जातात. बदलायचे ते एवढे एकच. संपूर्ण प्रणाली नव्याने बांधण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडते.

ही दुरुस्ती पाहण्यासारखी आहे. हरितलवकातली पटले जिथे चळतीसारखी एकमेकांवर दाटलेली असतात तिथे बिघडलेली प्रणाली अडकून राहत नाही. ती सरकत मोकळ्या पटलावर येते. तिथे एफटीएसएच हे विकर असते. सहा घटकांचे हे कडे आकाराने मोठे असल्यामुळे दाटीच्या जागेत मावत नाही. एटीपीची ऊर्जा खर्च करून ते डी-१ ची साखळी पटलातून ओढते आणि आतल्या पोकळीत तिचे तुकडे करते. ऊन फार तीव्र असेल तर डेग कुळातली विकरे पटलाबाहेर डोकावणारे भाग आधीच कापून काम सोपे करतात. मग रिकाम्या जागी नवे डी-१ बसते. मोहरीच्या कुळातल्या ॲरॅबिडॉप्सिस या छोट्या रोपात एफटीएसएचचा एक प्रकार निकामी झाला की पाने हिरवी-पांढरी, चट्टेरी होतात.

डी-१ किती वेगाने बदलते हे १९८० च्या दशकात भारतीय वंशाचे अवतार मट्टू आणि मार्विन एडलमन यांच्या संशोधनातून स्पष्ट झाले. त्यांनी पाण्यावर तरंगणारी टिकलीएवढी वनस्पती वापरली. काही तणनाशके दिली तर डी-१ तुटण्याचा वेग मंदावतो, हेही त्यांना आढळले. याचे कारण असे की उसात वापरले जाणारे ॲट्राझीन डी-१ च्याच एका खाचेत जाऊन बसते आणि इलेक्ट्रॉनांची वाट अडवते. ऊस वाचतो तो ॲट्राझीन लवकर निष्प्रभ करतो म्हणून. तणाला ते जमत नाही.

पटलाबाहेरच्या द्रवात मुख्य काम क्लप या विकराचे. घडी बिघडलेली आणि नको झालेली प्रथिने ते तोडते. त्याचा एक घटक हरितलवकाच्या स्वतःच्या जनुकावरून तयार होतो, बाकीचे पेशीकेंद्रातल्या जनुकांवरून. तंबाखूवरच्या प्रयोगात हरितलवकातले ते जनुक काढून टाकले, तर रोपाची कोंबवाढच थांबली. या विकरांचे नातलग जिवाणूंतही सापडतात, कारण हरितलवकांचा उगमच प्राचीन नीलहरित जिवाणूंपासून झाला आहे.

भात निसवून दाण्यात चीक भरू लागला की पानातल्या तोडफोडीचा हेतू बदलतो. आता दुरुस्ती नाही, नेआण. पानातल्या नायट्रोजनाचा मोठा वाटा हरितलवकांत असतो आणि त्यातला बराचसा रुबिस्को या एकाच प्रथिनात. खालची पाने शेंड्याकडून पिवळी पडत जातात तेव्हा रुबिस्को मोडून त्यातला नायट्रोजन लोंबीकडे निघालेला असतो. सगळे तुकडे हरितलवकातच होतात असे नाही. रुबिस्कोचा काही भाग लहान पिशव्यांत भरून पेशीतल्या रिक्तिकेत नेला जातो आणि तिथली विकरे तो पचवतात. पेशीकेंद्र आणि सूत्रकणिका मात्र पान बरेच वाळेपर्यंत टिकतात, कारण ही सारी वाहतूक पार पाडायला सूचना आणि ऊर्जा लागते ती त्यांच्याकडूनच.