परसातली माती जिवंत ठेवा



परसातली मेथी, पालक, चवळी घरच्या लेकरांच्या ताटात जाते. भाजीत कस येतो तो मातीतून. मूठभर चांगल्या मातीत कोट्यवधी जिवाणू असतात. ते शेणखत, पालापाचोळा कुजवून त्यातलं अन्न पिकाला मोकळं करतात. मुळांवरची उपयुक्त बुरशी लांबचं स्फुरद आणि जस्त ओढून आणते. हे जीव उपाशी राहिले, तर जमिनीत असलेलं अन्नही पिकाला पुरतं लागत नाही.

पारख सोपी आहे. पावसाळ्यात वाफसा असताना फूटभर लांब, रुंद व खोल माती खणा. दहाएक गांडुळं निघाली, तर माती जिवंत समजा. चवळीचं रोप हलकेच उपटून मुळावरची गाठ फोडा. आतून गुलाबी असेल, तर ती हवेतला नत्र पिकाला देते आहे.

मग करायचं काय? गुंठ्याला दोन-अडीच क्विंटल चांगलं कुजलेलं शेणखत घाला. ताजं शेण नको, त्यानं हुमणी वाढते. पालापाचोळा जाळू नका, वाफ्यावर पसरा. भाजी निघाल्यावर वाफा उघडा ठेवू नका, मूग किंवा चवळी टाका.

यंदा निदान एक वाफा असा करून बघा आणि काय फरक पडला ते पत्रानं जरूर कळवा.