कोकणात आठ दिवस जाताना

दिवाळीची सुट्टी जवळ आली की माझ्या लालबागच्या दवाखान्यात एक ठरलेली मागणी सुरू होते. "डॉक्टर, मुलांना घेऊन आठ दिवस मालवणला जातोय. गाडी लागण्याच्या गोळ्या लिहून द्या." गोळ्या मी लिहून देतोच, पण समोरच्याला आणखी दहा मिनिटे बसवून घेतो. बाकावर ताटकळणारे पेशंट कुरकुरतात. तीच दहा मिनिटे आज वाचकांसमोर ठेवतो. कारण आता केवळ लालबाग-परळचे चाकरमानीच नव्हे, तर घाटावरची मंडळीही समुद्र पाहायला कोकणात उतरू लागली आहेत.

काही वर्षांपूर्वी एक निवृत्त गिरणी कामगार असेच नातवंडांना घेऊन निघाले होते. मधुमेह बारा वर्षांचा. मी सूचना सांगू लागलो, तर ते हसून म्हणाले, "डॉक्टर, आमचंच गाव ते. तिथं कसली आलीय भीती?" गाव त्यांचे होते हे खरे, पण पायांची सवय चाळीस वर्षांपूर्वीच सुटली होती. तारकर्लीच्या वाळूत भर दुपारी अनवाणी चालले. मधुमेहाने तळव्यांची संवेदना कमी झालेली, त्यामुळे चटका जाणवलाच नाही. रात्री नातवाने विचारले, "आजोबा, पायाला फुगा कसला आलाय?" तेव्हा कळले. गावी आलो आहोत, आता परत गेल्यावर दाखवू, म्हणून चार दिवस हळद लावून काढले. माझ्याकडे आले तेव्हा पू झाला होता आणि पुढे एक बोट काढावे लागले. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी वाळूत चप्पल काढू नये, आणि रात्री दोन्ही तळवे दिव्याखाली कोणाकडून तरी पाहून घ्यावेत. इन्शुलिन घेणाऱ्यांनी बाटली गाडीच्या डिकीत टाकू नये. फ्रीज नसेल तर मातीच्या ओलसर मडक्यात, बाटलीला पाणी लागणार नाही अशी ठेवावी. रक्तदाबाच्या आणि हृदयविकाराच्या गोळ्या आठ दिवसांच्या नव्हे, बारा दिवसांच्या घ्याव्यात, आणि त्यातल्या निम्म्या हातातल्या पिशवीत असाव्यात.

आता बेत आखण्याविषयी. ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मे महिन्यात उकाडा असह्य होतो, आणि मेअखेरीपासून समुद्र खवळू लागतो. त्यानंतर पावसाळाभर सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्याही बंद असतात. आठ दिवसांत मालवण, वेंगुर्ले, आंबोली आणि जमल्यास गोवा, असा धावता बेत बहुतेकजण करतात. तो करू नये. पाच दिवस समुद्रकाठी, दोन दिवस आंबोलीच्या जंगलात, आणि पोहोचण्याच्या दिवशी काहीही नाही, असा आराखडा वयस्कर माणसे आणि लहान मुले दोघांनाही झेपतो. उतरण्याची जागा ठरवताना समुद्र किती पावलांवर आहे हे सगळे विचारतात. सरकारी रुग्णालय किती मैलांवर आहे हे कोणी विचारत नाही. मालवणला ग्रामीण रुग्णालय आहे, सावंतवाडीला उपजिल्हा रुग्णालय आहे आणि ओरोसला जिल्ह्याचे मोठे रुग्णालय आहे. रुग्णवाहिकेचा क्रमांक राज्यभर १०८. घाटात गाडी लागणाऱ्यांनी गोळी निघण्यापूर्वी तासभर घ्यावी. उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही. दोन वर्षांखालील मुलाला मोठ्यांच्या गोळीचा तुकडा मोडून देऊ नये.

माझी खरी काळजी समुद्राची. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. १५ एप्रिल २०१७ रोजी मालवणजवळच्या वायरीला बेळगावच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सहलीतले आठजण गेले. दोन्ही वेळा पाऊस-वादळ नव्हते, सुट्टीचा आनंदाचा दिवस होता. नदीत किंवा विहिरीत पोहता येते म्हणून समुद्राला गृहीत धरणे हीच मोठी चूक. विहिरीचे पाणी ओढत नाही, समुद्राचे ओढते.

भरती-ओहोटीचा ढोबळ हिशेब किनाऱ्यावरचे जुने लोक तिथीवरून करतात, तो ध्यानात ठेवण्याजोगा आहे. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची; तितक्या वाजता पूर्ण भरती. पंचमी असेल तर पाचाचे पाऊणपट म्हणजे पावणेचार. दुपारी पावणेचारला आणि पहाटेही साधारण त्याच सुमारास भरती, आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अष्टमीला सहा वाजता. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचे. गावागणिक थोडाफार फरक पडतो, म्हणून तिथल्या कोळ्याला किंवा गाबिताला विचारून खात्री करावी. पंचमीच्या दिवशी ऊन उतरल्यावर, साडेचारला मुलांना पाण्यात सोडाल तर नेमकी ओहोटी लागलेली असेल, आणि पाणी आत खेचत असेल. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, तेव्हा ही ओढ अधिक. खडकाजवळ आणि खाडीच्या मुखाशी तर पाण्यात उतरूच नये. सगळीकडे लाटा फुटत असताना मध्येच एखादा पट्टा शांत दिसतो. अनोळखी माणूस नेमका तिथेच उतरतो. किनाऱ्यावर आलेले पाणी त्याच वाटेने जोरात परत जात असते. अशा ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नका, दमाल. किनाऱ्याला समांतर, आडवे पोहत त्या पट्ट्याबाहेर पडा आणि मग परता. पोहता येत नसेल तर उताणे होऊन तरंगत राहा आणि हात वर करून हाका मारा. काठावरच्यांनी मागोमाग उडी घेऊ नये. झाकण घट्ट लावलेला रिकामा प्लास्टिकचा कॅन फेकावा. एकाला वाचवताना दुसरा बुडतो, हे पुन्हा पुन्हा घडले आहे.

बुडालेल्याला बाहेर काढल्यावर पाय धरून गरगर फिरवणे, हंड्यावर पालथे घालून पोट दाबणे हे प्रकार अजून चालतात. ते बंद व्हायला हवेत. पोटातले पाणी माणसाला मारत नाही, श्वास न मिळाल्याने तो मरतो. श्वास चालत नसेल तर उताणे निजवून, हनुवटी वर उचलून, नाक दाबून तोंडाने काही श्वास द्यावेत, आणि मग छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी ३० वेळा जोरात दाबून २ श्वास, असे मदत येईपर्यंत चालू ठेवावे. शुद्धीवर आला आणि बरे वाटते म्हणाला तरी, पाणी गुदमरलेल्या माणसाला रुग्णालयात नेलेच पाहिजे. फुप्फुसे काही तासांनंतरही बिघडू शकतात.

पाण्यातले दुसरे त्रास त्यामानाने किरकोळ. २०१३ साली गणपती विसर्जनाच्या वेळी गिरगाव चौपाटीवर कित्येकांना पाकट माशांनी दंश केला तेव्हा मुंबईकरांना हा मासा कळला. तो उथळ वाळूत लपलेला असतो. पाय उचलून टाकण्याऐवजी घसटत चालले की तो पळतो. दंश झाल्यास पाय सहन होईल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावा, वेदना कमी होतात. काटा आत राहिला आहे का ते डॉक्टरांना दाखवावे आणि धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे. जेलीफिश लागल्यास वाळूने चोळू नये, समुद्राच्याच पाण्याने धुवावे.

जमिनीवर आल्यावर साप आणि विंचू. कोकणात जांभ्या दगडाच्या फटीत हातभर लांबीचे फुरसे असते. ते लहान म्हणून लोक दुर्लक्ष करतात. त्याच्या विषाने रक्त गोठण्याची शक्ती जाते. हिरड्यांतून, लघवीतून रक्त येऊ लागते. मण्यारीचे उलट. ती रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत फारसे नाही, आणि पहाटे पापण्या जड होऊन श्वास थांबू लागतो. म्हणून खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपावे, आणि रात्री बॅटरीशिवाय अंगणात जाऊ नये. साप चावल्यास चिरू नये, चोखू नये, दोरीने आवळू नये. चावलेला हात किंवा पाय फळीला सैल बांधून स्थिर ठेवावा आणि रुग्णालय गाठावे. साप मारून आणण्यात वेळ घालवू नये. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर एकच प्रतिविष चालते. घोड्यांना विषाच्या अल्प मात्रा टोचून केलेले हे प्रतिविष परळच्या हाफकिनने वर्षानुवर्षे पुरवले. १८९९ साली प्लेगच्या लसीसाठी तिथे प्रयोगशाळा आली, तीच १९२५ पासून हाफकिन इन्स्टिट्यूट. माझ्या दवाखान्यापासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे, त्यामुळे हा उल्लेख थोडा अभिमानाने करतो.

लाल विंचवाबद्दल मात्र श्रेय महाडचे. विंचू चावलेली मुले घामाने निथळत, हातपाय गार पडून, फुप्फुसात पाणी होऊन दगावत. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रक्तदाबावरचे प्राझोसिन हे साधे औषध त्यासाठी वापरले. १९८६ साली ते 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. आज त्या गोळीने मुले वाचतात. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. नुसते दुखत असेल तर घाबरू नये. पण घाम, उलटी, गार हातपाय यांपैकी काही दिसले तर एक क्षण घालवू नये. सकाळी चप्पल, बूट आणि टॉवेल झटकून घेण्याची सवय आठ दिवस तरी लावावी.

खाण्याविषयी थोडेच. मासे ताजे असतील तर पोट बिघडत नाही. उन्हात पडलेल्या बांगड्यात किंवा सुरमईत असा पदार्थ तयार होतो की तो शिजवूनही जात नाही; खाल्ल्यावर तासाभरात चेहरा लाल होतो, डोके ठणकते, अंगावर पित्त उठते. लोक याला माशांची ॲलर्जी समजून जन्मभर मासे सोडतात! जुलाबासाठी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ जास्त झाल्यास लहान मुलाला अपाय होतो, म्हणून तयार पाकिटे नेलेली बरी. रक्त पडत असेल, ताप असेल किंवा मूल पाणीही घेत नसेल तर डॉक्टरांकडे जावे.

जंगलात फिरताना पूर्ण पॅन्ट, पायमोजे घालावेत आणि संध्याकाळी अंगावर गोचीड आहे का पाहावे. शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात १९५७ साली सापडलेला माकडताप २०१६ साली सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात आढळला. तो गोचिडीमुळे होतो. डिसेंबर ते मे हा त्याचा हंगाम. मेलेले माकड दिसल्यास जवळ जाऊ नये, वन किंवा आरोग्य खात्याला कळवावे. पावसाळ्यात जाणाऱ्यांनी साचलेल्या पाण्यातून, शेतातून अनवाणी फिरू नये. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर लेप्टोचे रुग्ण आम्ही लालबाग-परळात पाहिले आहेत.

आणि परत आल्यावर तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना न विचारताही सांगा, की आम्ही कोकणात जाऊन आलो. कुठे राहिलो, पाण्यात गेलो का, जंगलात गेलो का. पेशंट "दोन दिवस ताप आहे" एवढेच सांगतो, आणि मलेरिया, लेप्टो की माकडताप, हे शोधण्यात आमचा पहिला दिवस जातो.